नाममुद्रा आणि शोधसुलभता : महाजालावरील मराठी वाङ्मयीन समुदायांच्या संदर्भात

नियतकालिकाचे नाव हा मराठी वाङ्मयेतिहासात स्वतंत्रपणे फारसा विचारात घेतला गेलेला विषय नाही. 'दर्पण' (१८३२), 'ज्ञानप्रकाश' (१८४९), 'विविधज्ञानविस्तार' (१८६७), 'निबंधमाला' (१८७४), 'मनोरंजन' (१८९५), 'अभिरुची' (१९४३) ही नावे केवळ ओळीने वाचली तरी त्या त्या काळाने मुद्रित शब्दाकडून कोणती अपेक्षा केली होती, याचा अंदाज येतो. आरंभीची नावे प्रयोजन सांगतात. पुढची नावे रुची सांगतात. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी या दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि 'शब्द', 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू', 'अबकडई' अशी नावे घेतली. त्यांतील 'असो' हे तर नाव की नाव देण्यास दिलेला नकार, असा प्रश्न पडावा. तथापि या सर्व नावांच्या बाबतीत एक गोष्ट समान होती. ती वाचकापर्यंत हातोहात पोहोचत. वर्गणीदार, ग्रंथालयातील टेबल, स्नेह्याची पिशवी, टपाल अशा वाटांनी अंक येत असे. ज्याला 'असो'चा अंक हवा असेल त्याला तो कोणाकडे मिळेल हे ठाऊक असे. नाव ओळखण्यासाठी होते, शोधण्यासाठी नव्हते.

महाजालावर १९९६ पासून जे मराठी लेखक-वाचक समुदाय उभे राहिले, त्यांनी नावाची हीच परंपरा पुढे चालविली. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाले. 'मनोगत' २००४ मध्ये आले. 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' ही दोन्ही २००७ मध्ये आणि 'ऐसी अक्षरे' २०११ मध्ये. नावे मराठी आहेत, अर्थपूर्ण आहेत आणि 'ऐसी अक्षरे'च्या बाबतीत तर थेट ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाशी नाते सांगणारी आहेत. मात्र येथे वाचक हातोहात येत नाही. अथवा आला तरी तेवढ्यावर समुदाय टिकत नाही. जुने सभासद गळतात, त्यांची जागा घेणारा नवा वाचक बहुतेक वेळा शोधयंत्राच्या वाटेने येतो आणि येताना हातात समुदायाचे नाव नव्हे, तर आपल्या गरजेचा एखादा शब्द घेऊन येतो. व्यापारी परिभाषेत ज्याला ब्रँड म्हणतात ती नाममुद्रा आणि शोधयंत्रातील दृश्यता यांच्यातील ताण येथे सुरू होतो. हा प्रश्न वरवर पाहता विपणनाचा वाटतो. परंतु गेल्या तीन दशकांतील मराठी गद्याचा एक मोठा भाग या समुदायांच्या पानांवर आहे, आणि तो सापडणे अथवा न सापडणे हे वाङ्मयाच्या अभ्यासाशी निगडित आहे.

शोधयंत्राचे कार्य स्थूलमानाने असे : ते महाजालावरील पाने आधी वाचून ठेवते, त्यांतील शब्दांची सूची करते आणि विचारणा आली की सूचीतून पाने काढून त्यांना क्रम लावते. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये अशा विचारणांचे तीन प्रकार मांडले. त्यांतील तिसरा प्रकार खरेदी अथवा तत्सम व्यवहाराचा असल्याने येथे त्याची गरज नाही. पहिले दोन मात्र महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रकारात विचारणाऱ्याला कोठे जायचे हे माहीत असते आणि तो केवळ पत्ता विचारतो. दुसऱ्यात त्याला विषय माहीत असतो, स्थळ माहीत नसते. सोयीसाठी यांना 'नावाची विचारणा' आणि 'विषयाची विचारणा' म्हणता येईल. नाममुद्रा बळकट होणे म्हणजे नावाची विचारणा वाढणे. शोधसुलभता वाढणे म्हणजे विषयाच्या विचारणेला समुदायाचे पान वरच्या क्रमाने उत्तरादाखल मिळणे. दोहोंची साधने वेगळी आहेत आणि पुष्कळदा ती परस्परांच्या आड येतात.

आता वरील नावे या दृष्टीने पाहावीत. 'मिसळपाव' हा शब्द शोधणाऱ्या बहुतेकांना कट, तर्री आणि फरसाण अपेक्षित असते. 'उपक्रम' शोधणारा शिक्षक शालेय उपक्रमांच्या मागे असतो. 'मनोगत'ची अवस्था अधिकच गमतीची आहे. शेतकऱ्याचे मनोगत, नदीचे मनोगत, फाटक्या पुस्तकाचे मनोगत असा शालेय निबंधाचा एक अक्षय प्रकार मराठीत आहे, शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे मनोगत असतेच. 'मायबोली' हा मातृभाषेचा प्रेमळ पर्याय असल्याने मराठी भाषा दिनाच्या दर भाषणात तो येतो, आणि त्या नावाची एक दूरचित्रवाहिनीही आहे. सारांश, ज्या गुणामुळे ही नावे मराठी माणसाला आपली वाटतात, म्हणजे त्यांचे रोजच्या भाषेतील सामान्यनाम असणे, तोच गुण सूचीकाराच्या दृष्टीने दोष ठरतो. 'ऐसी अक्षरे' त्या मानाने सुरक्षित आहे, कारण हे दोन शब्द याच क्रमाने आजच्या बोलण्यात सहसा येत नाहीत. तेथेही जुन्या लेखनपद्धतीतील अनुस्वार ठेवायचा की गाळायचा, एवढा प्रश्न उरतोच.

यावर व्यवसायातील नेहमीचा सल्ला असा की, लोक ज्या शब्दांनी शोध घेतात तेच शब्द नावात घालावेत. समुदायाचे नाव 'मराठी कथा कविता' अथवा 'मराठी साहित्य चर्चा' असे ठेवले तर विषयाच्या विचारणेत ते आपोआप जुळेल. हा सल्ला मराठीत कोठे अडतो ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. 'मायबोली'चा सभासद स्वतःला 'मायबोलीकर' म्हणवितो, 'मनोगत'चा 'मनोगती', 'उपक्रम'चा 'उपक्रमी'. 'मराठी साहित्य चर्चा' या स्थळाचा सभासद स्वतःला काय म्हणवील? मराठीत 'कर' हा प्रत्यय गावाच्या नावाला लागतो आणि त्यातून माणसाचे आडनाव तयार होते. ज्या संकेतस्थळाच्या नावाला सभासदांनी हा प्रत्यय लावला त्याला त्यांनी गाव मानले, असे म्हणण्यास हरकत नसावी. विपणनाच्या पुस्तकांत नाममुद्रेविषयी बरेच काही लिहिलेले असते; मराठीपुरती तिची परीक्षा एवढ्या एका प्रत्ययाने होऊ शकते.

या संदर्भात व्याकरणाची आणखी एक साक्ष काढता येते. मराठीत सामान्यनामाला विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. विशेषनाम ते टाळू पाहते. खाद्यपदार्थ असेल तर 'मिसळपावावर लिंबू पिळले' असे म्हटले जाईल, पण संकेतस्थळाविषयी 'मिसळपाववर लेख टाकला' असेच म्हटले जाते. त्याचप्रमाणे 'ऐसी अक्षरेवर चर्चा झाली' असे सभासद लिहितात, 'ऐसी अक्षरांवर' असे लिहीत नाहीत. व्याकरणाच्या दृष्टीने खटकणारे हे रूप नाममुद्रेच्या दृष्टीने विजयाचे आहे, कारण शब्दाने सामान्यनामाची कात टाकली, हे ते दाखविते. एवढेच नव्हे, तर 'मिसळपाववर' हे रूप शोधले असता पदार्थाची पाककृती मागे पडून समुदायाविषयीचे लेखन पुढे येण्याची शक्यता अधिक. सभासदांनी हे शोधयंत्रासाठी केलेले नाही. भाषेने ते करवून घेतले.

'मिपा' हे संक्षिप्त रूप तर याहून उद्बोधक आहे. 'मिसळपाव'च्या सभासदांनी स्थळाच्या नावाची आद्याक्षरे जोडून 'मिपा' आणि त्यापासून 'मिपाकर' हे शब्द रूढ केले. 'मायबोली'वर तसेच 'माबो' आणि 'माबोकर' झाले. 'मिपा' या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ नाही. जे काम एखाद्या व्यवसायसल्लागाराने पैसे घेऊन केले असते, म्हणजे अनन्य, आखूड आणि उच्चारसुलभ खूण शोधून देणे, ते समुदायाने गप्पांच्या ओघात करून टाकले. अर्थात हे नाव आतल्यांचे आहे. बाहेरच्या वाचकाला 'मिपा' माहीत असण्याचे कारण नाही आणि जो 'मिपा' शोधतो तो आधीच मिपाकर झालेला असतो. नाममुद्रेचा परमोत्कर्ष होतो तेव्हा तिचा नवागताला उपयोग होत नाही, ही या प्रश्नातील खरी गोम आहे.

नावाखालोखाल येते ते लेखनाचे शीर्षक. मुद्रित मासिकात कथेचे शीर्षक अनुक्रमणिकेत लेखकाच्या नावाशेजारी आणि 'कथा' या सदराखाली छापलेले असे. 'पाऊस' एवढे शीर्षक असले तरी वाचकाला ते कथेचे की कवितेचे हे कळत असे. महाजालावर शीर्षक एकटेच सापडते. समुदायांवरील चर्चेच्या धाग्यांना 'मदत हवी', 'एक अनुभव', 'थोडेसे मनातले' अशा धाटणीची शीर्षके देण्याची प्रवृत्ती आहे. घरातल्या माणसाने घरातल्यांना मारलेली ती हाक असते. जो त्या दिवशी तेथे हजर आहे त्याला ती पुरते. पाच वर्षांनी विषयाच्या विचारणेने येणाऱ्याला ती काहीच सांगत नाही. या संकेतस्थळांवर पानाचा पत्ताही पुष्कळदा केवळ एक क्रमांक असतो, त्यामुळे त्यातूनही विषयाचा बोध होत नाही. 'मायबोली'वरील 'वाहते पान' हा प्रकार या दिशेचे टोक आहे. तेथे नवे निरोप आले की जुने आपोआप नाहीसे होत जातात. म्हणजे तेथील बोलणे सूचीत येण्यासाठी बोललेले नसतेच. पारावरच्या गप्पांची नोंद कोणी ठेवीत नाही, तशीच ही व्यवस्था आहे आणि समुदायाला तिची गरज असते. प्रत्येक पान सापडलेच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

याच्या उलट टोक म्हणजे शोधयंत्रासाठीच रचलेले शीर्षक. मराठी महाजालावर 'पावसाळा निबंध मराठी', 'शिवाजी महाराज माहिती मराठी' अशा धर्तीच्या शीर्षकांचा सुळसुळाट आहे. मराठीत लिहिलेल्या मजकुराच्या शीर्षकात 'मराठी' हा शब्द पुन्हा घालण्याचे भाषिक प्रयोजन काहीच नाही. विचारणारा रोमन लिपीत 'इन मराठी' असे लिहितो म्हणून तो शब्द तेथे आलेला असतो. या शीर्षकांतून विभक्तिप्रत्यय गळाले आहेत, ही गोष्ट विशेष चिंत्य आहे. 'पावसाळ्यावरील निबंध' या पदबंधातील परस्परसंबंध सांगणारा सारा भाग काढून टाकून केवळ प्रथमान्त शब्दांची रांग लावली जाते, कारण विचारणाही तशाच रांगेत येते. शोधयंत्राला समजावे म्हणून माणूस मराठी मोडून लिहू लागला आणि काही वर्षांतच शोधयंत्रे प्रत्ययांसह मराठी बऱ्यापैकी ओळखू लागली. मोडलेली शीर्षके मात्र तशीच राहिली.

अक्षरांच्या पातळीवरील अडचणींचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे, कारण मराठी विभागांतून त्यांकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून दुर्लक्ष होते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही नंतरची बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई. त्या टंकांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. डोळ्यांना 'कविता' दिसे, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरे मिळत. असे लेखन महाजालावर असूनही सूचीबाहेरच राहिले. युनिकोड रूढ झाल्यावरही भेद उरले. 'दुसऱ्या' या शब्दातील रफाराचे रूप दोन प्रकारे संकेतबद्ध करता येते आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे लेखन 'अ'वर चंद्र देऊन अथवा हिंदीच्या पद्धतीने 'ऍ' लिहून झाले. त्यात ऱ्हस्वदीर्घाची भर पडते. 'कवयित्री' हा शब्द 'कवियित्री' असा लिहिणारे पुष्कळ आहेत. मोठी शोधयंत्रे आता यांतील बरेच भेद सांभाळून घेतात. समुदायांच्या स्वतःच्या अंतर्गत शोधसोयी अनेकदा घेत नाहीत.

'मनोगत'ने आपल्या लेखनसुविधेला शुद्धिचिकित्सक जोडला होता आणि प्रमाण लेखनाचा आग्रह धरला होता. त्या आग्रहावर टीकाही झाली. लिहिणाऱ्याच्या उत्साहावर पाणी पडते, असा आक्षेप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु शोधसुलभतेच्या अंगाने पाहता, एका शब्दाचे एकच रूप असलेले संकलन अधिक सहजपणे शोधता येते हे निर्विवाद आहे. येथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. प्रमाण लेखनाचा आग्रह हीच 'मनोगत'ची ओळखही होती. 'उपक्रम'ने ललित लेखन बाजूला ठेवून माहितीप्रधान लेखनावर भर दिला, तीच त्याची ओळख झाली. समुदायाची नाममुद्रा काय स्वीकारले यापेक्षा काय नाकारले यावरून अधिक ठसते, आणि क्वचित असे नाकारणे शोधयंत्रालाही सोयीचे ठरते. अशा ठिकाणी दोन्ही हेतूंचा मेळ आयताच बसतो. सर्वत्र तसे होत नाही.

शोधयंत्राच्या क्रमवारीवर विसंबण्यातील धोका किती खरा आहे, याचे एक उदाहरण मराठीबाहेरचे आहे. परंतु मराठी समुदायांच्या विचारात ते असावयास हवे. 'मेटाफिल्टर' हा अमेरिकेतील समुदाय १९९९ मध्ये मॅट हॉई यांनी सुरू केला. सभासदत्वासाठी एकदाच पाच डॉलर, काटेकोर संपादन आणि सभासदांची जुनी ओळख यांमुळे त्याचे नाव जाणकारांत आदराने घेतले जाई. तेथील प्रश्नोत्तरांचा विभाग गूगलवर विषयाची विचारणा करणाऱ्यांना मोठ्या प्रमाणात सापडे आणि असे वाटसरू ज्या जाहिराती पाहत त्यांच्या उत्पन्नावर संपादकांचे पगार निघत. नोव्हेंबर २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत बदल झाला आणि तेथील वाचकसंख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. कारण स्पष्टपणे कधीच कळले नाही. गूगलने त्याआधी २०११ मध्ये उथळ मजकुराची आणि २०१२ च्या आरंभी बनावट दुव्यांची पाने मागे टाकणारे बदल केले होते. त्या गाळणीत हे स्थळ सापडावे असे त्यात काही नव्हते. मे २०१४ मध्ये काही संपादकांना कमी करावे लागत असल्याचे हॉई यांनी जाहीर केले. त्यानंतर सभासदांनी नियमित वर्गणी देण्यास प्रारंभ केला आणि समुदाय तगला. यजमानांच्या घराचा खर्च वाटसरूंच्या पैशावर चालत होता आणि वाट दुसऱ्याच्या मालकीची होती. वाट वळली तेव्हा घर वाचविले ते नावाशी बांधलेल्या माणसांनी. या घटनेचा अर्थ 'नाममुद्रा श्रेष्ठ, शोधसुलभता गौण' असा काढणे मात्र घाईचे होईल. वर्गणी देणाऱ्या सभासदांपैकी कित्येक जण मुळात शोधाच्या वाटेनेच तेथे आलेले असणार.

याचे दुसरे टोक 'रेडिट' या २००५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी संकेतस्थळाने दाखविले आहे. इंग्रजीत शोध घेणारे अनेक जण आपल्या विचारणेच्या शेवटी त्या स्थळाचे नाव जोडतात, म्हणजे विषयाची विचारणा आणि नावाची विचारणा एकाच ओळीत करतात. नाव हाच शोधाचा शब्द होणे ही दोन्ही हेतूंची गाठ आहे. मराठीत ही सवय पुरती लागली आहे असे म्हणता येत नाही. तथापि 'मायबोली'वरील पाककृतींच्या बाबतीत पदार्थाच्या नावापुढे 'मायबोली' जोडून शोधणारे वाचक आढळतात. पाककृतीला हे जमते आणि कवितेला जमत नाही, यामागे कारण आहे. पदार्थाचे नाव खाण्याआधी माहीत असते. जी कविता अजून वाचलेलीच नाही तिचा शोध कोणत्या शब्दाने घ्यावयाचा? ललित लेखनाकडे वाचकाला नेण्यास शोधयंत्र मुळातच दुबळे आहे. तेथे कोणीतरी 'हे वाचा' असे सांगावे लागते आणि ते सांगणारा माणूस समुदायातच भेटतो. म्हणून समुदायाने पाककृती, प्रवास, आरोग्य, कायदा यांची पाने शोधासाठी नीट बांधावीत आणि त्या पानांवरून ललित लेखनाकडे जाणारी वाट ठळक ठेवावी, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. अनारशांची कृती शोधत आलेला वाचक जाताजाता एखादी कथा वाचून जाईल. दिवाळी अंकाचेही गणित फारसे वेगळे नव्हते. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून सणाच्या निमित्ताने घरात आलेला अंक कथेपर्यंत वाचक नेत आला आहे.

राहिला प्रश्न शीर्षकाचा. त्याचे उत्तर मराठी मुद्रणाच्या पहिल्या शतकात सापडते. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील कादंबरीचे संपूर्ण शीर्षक 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. 'यमुनापर्यटन' हे नाव आहे. ते लक्षात राहते, जिभेवर बसते, त्यात नायिका आहे आणि प्रवास आहे. 'अथवा'नंतरचा भाग विषय सांगतो. ज्याने लेखकाचे नाव ऐकलेले नाही पण ज्याला विधवांच्या स्थितीविषयी वाचावयाचे आहे, त्याच्यासाठी तो आहे. पुढे वाङ्मयीन अभिरुची बदलली, लांबलचक शीर्षके बाळबोध वाटू लागली आणि 'अथवा' गळाला. संगीत नाटकांच्या नावांआधी येणारा 'संगीत' हा शब्द याच कुळातला. तो कलाकृतीच्या नावाचा भाग नसून प्रेक्षकाला दिलेली सूचना होती. महाजालावर प्रत्येक पानाला दोन शीर्षके देता येतात, एक पानावर ठळक दिसणारे आणि दुसरे सूचीसाठी. सभासदाने 'थोडेसे मनातले' लिहावे, संपादकाने त्यापुढे 'अथवा निवृत्तीनंतर गावी परतलेल्या शिक्षकाचे अनुभव' अशी पुष्टी जोडावी. लेखकाचे नाव देण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते आणि परक्यालाही दार सापडते. समुदायाच्या स्वतःच्या नावाबाबतही हेच. 'मिसळपाव' हे नाव बदलण्याची काहीच गरज नाही. त्यापुढे एकच पोटशीर्षक सर्वत्र, सदैव, शब्दही न बदलता यावे, एवढे पुरे आहे. पोटशीर्षक वारंवार बदलण्याची हौस मात्र दोन्ही बाजूंनी नुकसान करते.

यात संपादकाचे काम वाढते, आणि ही संकेतस्थळे मुख्यतः फावल्या वेळात, विनावेतन चालविली जातात, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे सर्व पानांना अशी पुष्टी जोडणे अशक्यच. कोणती पाने निवडावयाची हा निर्णय अखेर वाङ्मयीन निर्णय ठरतो.

अभ्यासकांपुढील अडचण आणखी एका थराने वाढते. या समुदायांवर बहुतेक जण टोपणनावाने लिहितात. मराठीला टोपणनावे नवी नाहीत. केशवसुत, बी, गोविंदाग्रज ही नावे खऱ्या नावांपेक्षा अधिक परिचित आहेत. पण त्या नावांमागील व्यक्ती इतिहासकारांनी नोंदवून ठेवल्या आहेत. महाजालावरील टोपणनाव समुदायाच्या आतच अर्थपूर्ण असते. लेखक पुढे स्वतःच्या नावाने पुस्तक काढतो, तेव्हा त्याच्या नावाच्या विचारणेला त्याचे पूर्वीचे लेखन उत्तर देत नाही. शिवाय २०२४ पासून गूगलच्या उत्तरांत दुव्यांच्या आधी यंत्राने केलेला सारांश येऊ लागला आहे. अनेक पानांतून गोळा केलेल्या अशा सारांशात मजकूर येतो, ज्यांच्यात बसून तो लिहिला गेला त्या समुदायाचे नाव मात्र पुष्कळदा तळटीपेइतकेच उरते. विषयाची विचारणा पुरी झाली की वाचक परत फिरतो. जाहिरातींवर चालणाऱ्या स्थळांना त्याची झळ लागणारच. वाङ्मयाच्या अभ्यासात मात्र कोण, कोठे, कोणाला उद्देशून लिहीत होता हा प्रश्नच महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच सारांशातून गळतो.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. शोधयंत्रही सूचीच करते, पण त्याने पुस्तक हाती घेतलेले नसते. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेली 'पेजरँक' पद्धत विद्वानांच्या अवतरणांवरून सुचली होती. एका पानाकडे इतर पानांवरून किती आणि कोणत्या प्रतीचे दुवे येतात, त्यावरून त्याचे वजन ठरवावयाचे, हे तिचे सूत्र. आजची क्रमवारी पुष्कळ अधिक गुंतागुंतीची आहे, तरी दुव्याचे मोल संपलेले नाही. मराठी विभागांच्या शोधनिबंधांतून या समुदायांवरील लेखनाचा संदर्भ दिला जातो तेव्हा पुष्कळदा केवळ संकेतस्थळाचे नाव दिले जाते. विशिष्ट पानाचा पत्ता, लेखकाचे टोपणनाव आणि दिनांक दिला जात नाही. दात्यांच्या धर्तीवर १९९६ पासूनच्या निवडक लेखनाची सूची एखाद्या विभागाने केली, तीत प्रत्येक शीर्षकापुढे विषय सांगणारा 'अथवा' जोडला आणि ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवली, तर तिच्यातील प्रत्येक नोंद त्या पानाकडे जाणारा दुवाही होईल. आरंभ पहिल्या दहा वर्षांपासून करावा लागेल. त्या काळातील जो मजकूर जुन्या टंकांत आहे तो यंत्राला वाचता येत नाही, आणि ते टंक ज्यांच्या संगणकांवर अजून आहेत अशी माणसे आता थोडी उरली आहेत.